विश्लेषण : बुडालेल्या पाणबुडीतला श्वास मोजणारे हॉल्डेन

मुंबईच्या नौदल गोदीत १४ ऑगस्ट २०१३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, ‘आयएनएस सिंधुरक्षक’ या पाणबुडीवर स्फोट झाले आणि ती धक्क्याला बांधलेल्या अवस्थेतच बुडाली. आतले १८ जण गेले. किनारा हाकेच्या अंतरावर असूनही पाणबुड्यांना (पाण्यात उतरणाऱ्या माणसांना) काळोख, गाळ, तेल आणि घट्ट अडकलेले दरवाजे यांच्याशी दिवसेंदिवस झुंजावे लागले. तिथे स्फोटानेच सुटकेची संधी हिरावली होती. पण पाणबुडीचे कवच शाबूत आहे, माणसे जिवंत आहेत, तरीही ती वर का येऊ शकत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर १९३९ मध्ये एका शास्त्रज्ञाने स्वतःला लोखंडी टाकीत कोंडून घेऊन शोधले. जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचे नाव. आपल्याकडे ते उत्क्रांती आणि आनुवंशिकीचे अभ्यासक म्हणून, भारताचे नागरिकत्व घेतलेले इंग्रज म्हणून माहीत आहेत. त्यांच्या आयुष्याची ही दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही.

हे वेड आले कुठून?

घरातून. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन श्वसनाचे संशोधक होते. खाणीतल्या विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून पक्षी सोबत नेण्याची पद्धत त्यांनीच सुचवली. खोल पाण्यातून वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हा नियम त्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून बसवला. त्यांचे १९०८ मधले तक्ते पुढच्या सगळ्या तक्त्यांचा पाया ठरले.

१८९२ मध्ये जन्मलेला मुलगा या प्रयोगांतूनच वाढला. वडिलांनी त्याला एका खाणीत नेऊन उभ्याने शेक्सपिअरचे भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात त्याचे पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगत मात्र हवा चांगली होती. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, तो छताशी साचतो, हा धडा मुलगा जन्मभर विसरला नाही. तेराव्या वर्षी त्याला मापाने मोठ्या पोशाखात स्कॉटलंडच्या समुद्रात उतरवले गेले, आणि पोशाखात पाणी शिरूनही तो न घाबरता वर आला. आजच्या पालकांना हे क्रूर वाटेल. त्या घरात ते शिक्षण होते.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर हॉल्डेन भारतात आले आणि काही काळ महू येथे बॉम्बफेकीचे प्रशिक्षण देत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव ते हेच. भारताची ओढ तिथूनच लागली असावी.

‘थेटिस’वर नेमके काय घडले?

१ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ ही नवी ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात चाचणीसाठी गेली. नेहमीच्या ५३ जणांऐवजी आत १०३ जण होते. त्यात नौदलाचे पाहुणे अधिकारी आणि पाणबुडी बांधणाऱ्या गोदीचे कामगारही होते. टॉर्पेडोच्या नळीत पाणी आहे की नाही हे तपासण्यासाठी मागच्या दारावर एक बारीक भोक असते. त्यातून पाणी ठिबकले नाही तर नळी कोरडी समजायची. ‘थेटिस’च्या पाचव्या नळीचे ते भोक रंगाने बुजले होते. नळी समुद्राच्या बाजूने उघडी होती. मागचे दार उघडताच पाणी आत घुसले. मधला जलरोधक दरवाजा अनेक नट आवळून बंद करावा लागे, तेवढा वेळ मिळाला नाही आणि दोन कप्पे भरले. पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्याला हे वाचून घाम फुटेल. रंगाचा एक थर ९९ जणांना भोवला.

पुढचे टोक सुमारे ४६ मीटरवर तळाशी रुतले, मागचे टोक पाण्याबाहेर दिसत होते. मदतीची जहाजे आली, तरीही फक्त चौघे वाचले. त्याआधी नऊच दिवस, २३ मे रोजी, अमेरिकेची ‘स्क्वॅलस’ याहून खोल पाण्यात बुडाली होती, आणि घंटेच्या आकाराची टाकी खाली सोडून तिच्यातल्या ३३ जणांना वर काढण्यात आले होते. ब्रिटिशांकडे अशी टाकी तयार नव्हती. त्यांची भिस्त एकेकाने प्राणवायूचे उपकरण तोंडाला लावून बाहेर पडण्यावर होती.

हॉल्डेन यांनी काय शोधले?

मृत कामगारांच्या बाजूने अभियांत्रिकी कामगारांच्या संघटनेने त्यांना चौकशीसाठी बोलावले. प्रश्न होता, बाहेर पडण्याची वाट असूनही इतरांना ती का वापरता आली नाही? हॉल्डेन यांनी स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेले चार स्वयंसेवक घेतले आणि स्वतःसह बंद टाकीत बसून हवा खराब होऊ दिली.

बंद जागेत प्राणवायू संपण्याआधी कार्बन डायऑक्साइड माणसाला गाठतो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो, उच्छ्वासात सुमारे ४ टक्के. दुप्पट माणसे म्हणजे हवा निम्म्या वेळात खराब. ५-६ टक्क्यांवर धाप लागते, डोके ठणकते, मळमळते, साधा निर्णयही सुचेनासा होतो. म्हणजे ज्या क्षणी झडपा नेमक्या क्रमाने फिरवायच्या, त्याच क्षणी डोके चालत नाही. ‘थेटिस’मध्ये पहिला माणूस बाहेर पडेपर्यंत रात्र उलटून गेली होती. वर येण्यात वेळ दवडणे हेच सर्वात घातक ठरले.

दुसरी अडचण दाबाची. बाहेर पडायचे तर दार उघडावे लागते, आणि आतला दाब बाहेरच्याइतका झाल्याशिवाय ते उघडत नाही. म्हणून कप्प्यात पाणी घ्यावे लागते आणि हवा दबते. ४६ मीटरवर दाब साडेपाच पट होतो. ४ टक्के कार्बन डायऑक्साइड मग शरीराला सुमारे २२ टक्क्यांसारखा जाणवतो, आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध होऊ शकतो.

तिसरी गोष्ट सर्वात विचित्र. जो शुद्ध प्राणवायू वाचवायला दिलेला, तोच जास्त दाबाखाली विष होतो, झटके आणतो. हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते, पण माणसात किती लवकर आणि माणसागणिक किती फरकाने घडते, याची नोंद हॉल्डेन यांच्या गटाने स्वतःच्या शरीरावर करून घेतली. पुढे नौदलानेच त्यांना हे काम दिले. बर्फाळ पाण्यात बसून, दाब वाढवून, वेगवेगळे वायू श्वासात घेऊन प्रयोग चालले. त्यांची सहकारी आणि पुढची पत्नी हेलन स्पर्वे यात होत्या, स्पेनचे माजी पंतप्रधान हुआन नेग्रिनही होते. एका झटक्यात हॉल्डेन यांचे मणके चेपले, दाबाच्या प्रयोगांत कानाचे पडदेही फाटले. पाठदुखी कायमची राहिली.

आज सुटका सोपी झाली का?

काहीशी. भारतीय नौदलाने डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत खोल समुद्रातील बचाव यान दाखल केले. ते ६५० मीटरपर्यंत उतरते. ताथवडे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे. म्हणजे ताथवड्यापासून कोकणकिनाऱ्यापर्यंत जेवढा उतार, त्याहून खोल. एका फेरीत १४ माणसे येतात, त्यामुळे ५३ जणांसाठी चार फेऱ्या. पण आधी पाणबुडी सापडली पाहिजे, ती फार कललेली नको, बाहेर पडण्याचे झाकण मोकळे हवे. आतला दाब वाढलेला असेल तर वाचलेल्यांना थेट मोकळ्या हवेत आणता येत नाही. त्यांना दाबाच्या खोलीत ठेवून थोरल्या हॉल्डेन यांच्या तत्त्वाप्रमाणे हळूहळू उतरवावे लागते.

आणि कवच फुटले तर काहीच उपयोग नाही. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नंगाला’ ८०० मीटरहून खोल गेली आणि तिचे तुकडे झाले. भारताने आपले यान पाठवले होते, पण ५३ पैकी कोणीही वाचण्याजोगे उरले नव्हते. २००० मधल्या रशियन ‘कुर्स्क’वर २३ जण मागच्या कप्प्यात काही तास जिवंत होते. तिथे प्राणवायू तयार करणारे रासायनिक डबेच आगीचे कारण ठरले. ताथवड्याहून लोणावळ्याकडे गेल्यावर लागणाऱ्या आयएनएस शिवाजीमध्ये नौसैनिकांना शिरलेले पाणी अडवण्याचा सराव दिला जातो, कारण पहिली सुटका आतल्यांच्याच हातात असते.

भारतात कसे आले?

सुएझ प्रकरणावरून ब्रिटिश सरकारवर रुष्ट होऊन, १९५७ मध्ये हॉल्डेन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले. संस्थेशी बिनसले, तेव्हा भुवनेश्वरला गेले. धोतर-कुडता घालणारा, शाकाहारी झालेला हा प्राध्यापक विद्यार्थ्यांना महागड्या यंत्रांशिवाय, झाडे-पक्षी पाहून संशोधन करायला शिकवत असे. कर्करोगाने १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतरही शरीर प्रयोगाच्या कामी यावे, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. त्याप्रमाणे त्यांचा देह काकीनाडाच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेला.