वह्यांची देवघेव आणि ग्रेस हॉपर

ग्रेस हॉपर हे नाव आपल्या कला शाखेच्या वर्गांत क्वचितच ऐकू येते. संगणक हा विज्ञानवाल्यांचा प्रांत, अशी आपली समजूत. परंतु या बाईंच्या चरित्राकडे मी ओढली गेले ती वह्यांमुळे. एकमेकांच्या वह्या उतरवून घेण्याच्या रीतीतूनच त्यांचे सर्वांत मोठे काम उभे राहिले. आणि वह्या उतरवून घेणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको!

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. लॅटिनच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्यामुळे व्हॅसार कॉलेजातील प्रवेश एक वर्ष लांबला. पुढे १९३४ साली येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवली व व्हॅसारमध्येच अध्यापन केले. महायुद्धाच्या काळात, वय जास्त आणि वजन कमी असूनही, डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलात दाखल झाल्या. १९४४ साली त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क १’ या अवाढव्य गणनयंत्रावर झाली.

त्या यंत्राला प्रत्येक काम पायरीपायरीने सांगावे लागे. काही हिशेब पुन्हा पुन्हा लागत. ज्याचा तुकडा बिनचूक चालला असेल त्याने तो वहीत टिपून ठेवायचा आणि इतरांनी हाक मारून मागून घ्यायचा, अशी तिथे पद्धत पडली. १९४९ साली हॉपरबाई फिलाडेल्फियातील कंपनीत युनिव्हॅक या संगणकाच्या कामावर गेल्या. तिथे या उसनवारीतील खरी अडचण पुढे आली. वहीतला तुकडा नव्या आज्ञावलीच्या मध्ये बसवला की त्यातील स्मृतीच्या प्रत्येक घराचा क्रमांक बेरीज करून बदलावा लागे. माणसे बेरजेत चुकत आणि उतरवण्यातही चुकत. इंग्रजी ‘बी’चे १३ होई. एका अक्षराने सारे काम फसे.

बाईंनी विचार केला, की नक्कल आणि बेरीज ही तर यंत्राचीच कामे! १९५१-५२ मध्ये त्यांनी सर्व तुकडे चुंबकीय फितीवर साठवले व प्रत्येकाला क्रमांक दिला. क्रमांक लिहून दिले की यंत्र ते तुकडे शोधून, घरांचे क्रमांक स्वतः बदलून, सलग आज्ञावली जुळवून देई. हाच त्यांचा ए-० कंपायलर. यंत्राला फक्त अंकगणित येते असे म्हणणाऱ्यांचा त्यावर बराच काळ विश्वास बसला नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. १९५३ साली तयार झालेला ए-२ ग्राहकांना दिला, तो मूळ आज्ञांसकट. आणि तुम्ही काही सुधारणा केल्यात तर आम्हाला परत पाठवा, असेही कळवले. वही द्यायची, पण मधली दोन पाने काढून, अशी काही हुशार मंडळींची रीत असते. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. घरी विचारायला कोणी नाही, तेव्हा अख्खी वही हाती देणाऱ्याचे मोल मला ठाऊक आहे.

त्या काळी पगारपत्रके, मालाचा साठा, विम्याचे हप्ते असली कामे संगणकाकडे येऊ लागली होती. कचेरीतल्या लोकांना गणिती चिन्हे नकोशी वाटत. त्यांच्यासाठी साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येतील अशी ‘फ्लो-मॅटिक’ भाषा हॉपरबाईंच्या तुकडीने घडवली. तत्पूर्वी त्यांनी तीच आज्ञावली फ्रेंच आणि जर्मन शब्दांत लिहूनही वरिष्ठांना दाखवली होती. यंत्राला सर्व शब्द सारखेच. पण अमेरिकन यंत्र परकी भाषा बोलणार म्हणून वरिष्ठ बिथरले! पुढे सर्व मुलुख इंग्रजीनेच घेतला. मराठी माध्यमातून आलेल्या मला हे वाचून हळहळ वाटली.

तरीही प्रत्येक कंपनीचे यंत्र निराळे, भाषा निराळी. एकाचा तुकडा दुसऱ्याकडे निरुपयोगी. म्हणून १९५९ साली मे महिन्यात पेंटॅगॉनमध्ये सरकारी खाती व प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र बसल्या आणि त्यातून ‘कोबोल’ ही व्यापारी कामाची सामाईक भाषा निघाली. ती समितीने रचली; हॉपरबाई सल्लागार होत्या आणि तिचा मोठा आधार फ्लो-मॅटिकचा होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली जवळजवळ जशीच्या तशी दोन कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आली.

१९६६ अखेर नौदलाने त्यांना निवृत्त केले आणि कोबोलच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचा घोळ निस्तरण्यासाठी १९६७ मध्ये सहा महिन्यांकरिता परत बोलावले. ते सहा महिने १९८६ पर्यंत चालले! रिअर ॲडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या तेव्हा वय ७९ होते. लगेच त्या दुसऱ्या एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.