जुगाराचं गणित मांडणारा डॉक्टर

गणिताच्या पुस्तकांत जिरोलामो कार्डानो भेटतो तो त्रिघाती समीकरणांमुळे. मोटारीतल्या ‘कार्डन शाफ्ट’लाही त्याचंच नाव आहे. पण पोटापाण्याने हा माणूस डॉक्टर होता, सोळाव्या शतकातल्या युरोपातला नावाजलेला डॉक्टर, आणि आयुष्याचा मोठा काळ रोज जुगार खेळणारा. जुगाराला बसायचं तर कोणासमोर, कुठे, किती पैसे लावून आणि किती वेळ, याचा नीट विचार करून तो लिहून ठेवणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्याची गणना होते.

त्याचा जन्म २४ सप्टेंबर १५०१ रोजी इटलीतल्या पाव्हिआ गावी झाला. आई-वडिलांचं लग्न झालेलं नव्हतं आणि हा डाग त्याला पुढे फार महागात पडला. वडील फात्सिओ मिलानमधले वकील, पण ओढा गणिताकडे. लिओनार्दो द विंचीशी त्यांचा स्नेह होता. १५२४ मध्ये ते वारले तेव्हा जिरोलामो वैद्यकाचा विद्यार्थी होता. हाती आलेला पैसा लवकरच संपला आणि पुढचा खर्च निघू लागला तो बुद्धिबळ, फासे आणि पत्त्यांवर.

तो जिंकत असे, कारण इतर जण नशिबावर हवाला ठेवत तिथे हा मोजत असे. दोन फाशांची दानं ३६ प्रकारे पडू शकतात, तीन फाशांची २१६ प्रकारे. तीन फाशांची बेरीज ९ यायला २५ वाटा आहेत आणि १० यायला २७. फरक फक्त दोनचा. एका संध्याकाळी तो जाणवणारही नाही, पण वर्षभर रोज बसणाऱ्याला तो पैसे मिळवून देतो. कार्डानोने या संख्या बरोबर मांडल्या होत्या. काही ठिकाणी त्याची गणितं चुकली, मग सुधारली, आणि चुकीचं व बरोबर दोन्ही त्याच्या पुस्तकात तसंच राहून गेलं. वाचताना त्यामुळे बरंच डोकं खाजवावं लागतं.

पत्त्यांचं गणित वेगळं, हेही त्याने ओळखलं. फासे सर्वांसमोर पडतात, पत्ते झाकलेले असतात. त्याला सर्वांत आवडणारा खेळ प्रिमेरो. प्रत्येकाला चार पत्ते, प्रत्येक फेरीत पैसे वाढवत नेणं, आणि हातात काही नसताना असल्याचा आव आणणं. आजच्या पोकरचा हा पूर्वज मानला जातो. अशा खेळात आपले पत्ते जितके महत्त्वाचे, तितकाच समोर बसलेला माणूस.

म्हणून कार्डानो माणसापासून सुरुवात करतो. प्रतिस्पर्धी आपल्या बरोबरीचा असावा, धंदेवाईक जुगारी नसावा. जागा योग्य असावी, रक्कम लहान असावी, खेळ क्वचित आणि थोडाच वेळ व्हावा. खेळाडू, बघे, पैसा, परिस्थिती, फासे टाकण्याचं भांडं आणि खुद्द फासा या साऱ्यांत समानता असावी, हे त्याचं मूळ तत्त्व. समानता मोडून दुसऱ्याचा फायदा होऊ दिला तर आपण मूर्ख, आपला करून घेतला तर अन्यायी. पत्त्यांना साबण लावणारे, अंगठीतल्या आरशातून तळाचा पत्ता पाहणारे, अशा लबाडांचीही तो ओळख करून देतो. डॉक्टर आणि वकिलांना त्याने वेगळा इशारा दिला आहे. ते जिंकले तर लोक त्यांना जुगारी म्हणतील, हरले तर आपल्या धंद्यातही असेच कच्चे असतील म्हणतील. आणि सर्वांत मोठा फायदा न खेळण्यात आहे, हेही त्याने लिहून ठेवलं.

आज मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर पोकरच्या टेबलाशी बसणारा अनुभवी खेळाडू असाच हिशेब करतो. कोणत्या टेबलावर हौशी मंडळी जास्त आहेत? रक्कम आपल्या गाठीच्या मानाने किती? कॅसिनो डावातून काढून घेतो तो वाटा किती जड? त्यातल्या पहिल्या प्रश्नापाशी कार्डानो अडखळला असता. आपल्यापेक्षा कच्चा माणूस शोधून बसणं त्याच्या तत्त्वाने अन्याय ठरतं. प्रत्यक्षात मात्र त्याचं विद्यार्थिजीवन बरंचसं अशाच कच्च्या खेळाडूंच्या पैशावर चाललं असणार.

आणि जागा निवडायचा त्याचा नियम? व्हेनिसमध्ये तो एका सिनेटरच्या घरी खेळायला बसला आणि हरत गेला. पत्ते खुणेचे आहेत हे लक्षात येताच त्याने यजमानाच्या तोंडावर खंजिराने वार केला आणि पैसे घेऊन पळाला. त्याच रात्री अंधारात कालव्यात पडला. एका नावेतल्या लोकांनी वर ओढून घेतलं, तर आत तोच यजमान, चेहऱ्याला पट्टी बांधलेला. त्याने ओरडा केला नाही, उलट अंगावर घालायला कोरडे कपडे दिले आणि दोघे पादुआपर्यंत बरोबर गेले. आत्मचरित्रातली ही हकीकत थोडी रंगवलेली असेलही.

पदवी मिळाली, पण मिलानच्या वैद्यसंस्थेने जन्माचं कारण सांगून त्याला दार बंद केलं. पादुआजवळच्या एका लहान गावात त्याने दवाखाना थाटला. १५३१ मध्ये ल्यूचियाशी लग्न केलं. पुढे गाल्लाराते इथे रोगी मिळेनात. तो पुन्हा जुगाराकडे वळला आणि या वेळी हरला. बायकोचे दागिने गेले, घरातलं सामान गेलं, आणि कुटुंबाला मिलानमधल्या गरिबांच्या आश्रयगृहात राहावं लागलं. शक्याशक्यतेचं गणित त्या काळी त्याच्याइतकं कोणाला येत असेल असं वाटत नाही.

ज्ञान आणि आवर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या शास्त्राला उशिरा कळलं. बक्षीस कधी मिळेल याचा भरवसा नसतो, तेव्हा मेंदूतली डोपामिनची यंत्रणा अधिक चेतते. पार्किन्सनच्या आजारात डोपामिनचं काम करणारी काही औषधं घेणाऱ्या रुग्णांना कधी कधी एकाएकी जुगाराचा नाद लागतो, हा त्याचा ठळक पुरावा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात २०१३ साली जुगाराचा विकार दारू आणि इतर व्यसनांच्या गटात आला. रक्कम वाढवत नेणं, हरलेलं परत मिळवण्यासाठी पुन्हा बसणं आणि घरच्यांपासून लपवणं ही त्याची लक्षणं. खेळ चांगला येणाऱ्यालाही हा विकार होतो. ओपीडीत झोप येत नाही म्हणून आलेल्या माणसाची बायको दाराशी थांबून मोबाइलवरच्या रमीचं सांगते, तेव्हा आपण किती हुशारीने खेळतो हे तो मला पटवत असतो.

कार्डानोचे दिवस पालटले. १५३४ मध्ये मिलानमध्ये गणित शिकवायची नोकरी मिळाली, १५३९ मध्ये वैद्यसंस्थेनेही दार उघडलं. १५४५ मध्ये ‘आर्स मॅग्ना’ प्रसिद्ध झालं. १५५२ मध्ये दम्याने बेजार झालेल्या आर्चबिशप हॅमिल्टनवर उपचार करायला त्याला स्कॉटलंडला बोलावणं आलं. त्याने रोग्याचं राहणं-खाणं बारकाईने पाहिलं आणि पिसांच्या गाद्या-उशा काढायला लावल्या. ॲलर्जी हा शब्दही तेव्हा जन्मायचा होता. हॅमिल्टनला उतार पडला आणि कार्डानो घसघशीत मोबदला घेऊन परतला.

घरी मात्र काही धड राहिलं नाही. थोरला मुलगा जांबातिस्ता, तोही डॉक्टर, पत्नीला विष दिल्याच्या आरोपात दोषी ठरला आणि एप्रिल १५६० मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. धाकट्या आल्दोला जुगाराने गिळलं. १५६९ मध्ये त्याने वडिलांच्याच घरी चोरी केली आणि बापाच्या तक्रारीवरून त्याला बोलोन्यातून हद्दपार करण्यात आलं. दुसऱ्याच वर्षी पाखंडाच्या आरोपावरून कार्डानो स्वतः तुरुंगात गेला. सुटला, पण शिकवायला आणि छापायला बंदी आली.

शेवटची वर्षं रोममध्ये आत्मचरित्र लिहिण्यात गेली. चाळीसहून अधिक वर्षं बुद्धिबळ आणि सुमारे पंचवीस वर्षं फासे, रोज, अशी कबुली त्यात आहे. जुगार आवडत नव्हता, गरिबी, अपमान आणि आजारपणाने त्याकडे ढकललं, असा बचावही आहे.

२१ सप्टेंबर १५७६ रोजी तो वारला. त्याआधी त्याने आपली कितीतरी हस्तलिखितं स्वतःच जाळली होती. जुगारावरचं पुस्तक त्यातून वाचलं आणि १६६३ मध्ये लियाँ इथे समग्र ग्रंथांत छापून आलं, अवघी पंधरा पानं. तोवर पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ च्या पत्रव्यवहारात तेच गणित नव्याने शोधून काढलं होतं.