दख्खनच्या माशांचा नोंदकार : कर्नल साइक्स

पुण्याजवळच्या नदीत भोयाच्या जाळ्यात सापडणाऱ्या माशाचे मराठी नाव लंडनच्या शास्त्रीय ग्रंथात जाऊन बसावे आणि 180 हून अधिक वर्षांनंतरही जगभरच्या संशोधकांनी तेच नाव घ्यावे, ही गोष्ट कुणालाही नवलाची वाटेल. ती घडवून आणणारे गृहस्थ प्राणिशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. ते ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी होते. त्यांचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म 1790 साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. मिसरूडही फुटले नसेल अशा वयात ते कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. 1805 मध्ये लॉर्ड लेकने भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा ते तेथे होते. पुढे 1817 मध्ये खडकीला पेशव्यांच्या फौजेशी जी लढाई झाली, तिच्यातही ते कंपनीच्या बाजूने लढले. म्हणजे ज्या राज्याच्या नद्यांतील मासे त्यांनी पुढे मोजले, ते राज्य बुडविणाऱ्यांपैकीच ते एक होते. त्यांचे चरित्र वाचताना हे विसरून चालणार नाही.

राज्य हाती आल्यावर ते चालविण्यासाठी माहिती हवी होती. मुंबईचे गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी 1824 मध्ये साइक्स यांची सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमणूक केली. गावे किती, माणसे किती, जमिनीचा धारा काय, पिके कोणती, पाऊस किती, हे सारे गोळा करण्याचे ते काम होते. सरकारला त्यातून हवा होता महसूल. परंतु साइक्स यांची जिज्ञासा महसुलापाशी थांबली नाही. दख्खनच्या पठारावर हिंडताना त्यांनी पक्षी नोंदले, सस्तन प्राणी नोंदले, हवेच्या दाबाची व तापमानाची टिपणे ठेवली आणि मासेही पाहिले. 1829 मध्ये काटकसरीसाठी ती जागा रद्द झाली, तरी हाती घेतलेले काम पुरे करूनच 1831 मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला.

माशांवरील त्यांचा प्रबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे आला. त्याचा गोषवारा 1839 मध्ये आणि चित्रांसह संपूर्ण प्रबंध 1841 मध्ये प्रसिद्ध झाला. भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा अशा नद्यांतील चाळीसहून अधिक जातींचे वर्णन त्यात आहे व त्यांतील बहुतेक जाती शास्त्राला तोवर अज्ञात होत्या. नव्या जातीला एखाद्या सरदाराचे किंवा मित्राचे नाव देण्याची तेव्हा रीत होती. साइक्स यांनीही काही माशांच्या बाबतीत ती पाळली. परंतु पुष्कळ माशांना त्यांनी नदीकाठी ऐकलेलेच नाव दिले. शिंगटीचे नाव आज ‘मिस्टस सिंगटी’ असे आहे. दख्खनचा महसीर ‘टॉर खुद्री’ झाला. मुस्कटावर शिंगासारखा उंचवटा असलेला मासा ‘नुक्ता’ म्हणूनच नोंदला गेला. ‘मुल्या’, ‘गोगरा’, ‘बोग्गट’ ही नावेही अशीच लॅटिन पोशाख घालून जगभर हिंडत आहेत.

आता एक प्रश्न मनात येतो. शास्त्रीय नावापुढे जात शोधणाऱ्याचे नाव लिहितात. म्हणून या प्रत्येक माशापुढे ‘साइक्स’ असे येते. मासा पकडून आणणाऱ्या, त्याचे नाव सांगणाऱ्या भोयाचे नाव कुठेच येत नाही. साइक्स यांच्या आधी शेकडो वर्षे त्या लोकांनी शिंगटी आणि शिंगाळा यांतला भेद ओळखला होता. त्यांचे ज्ञान ग्रंथात गेले. ते स्वतः मात्र बाहेरच राहिले. साइक्स यांच्या पदरात एवढे पुण्य जरूर घालावे, की त्यांनी ते शब्द तरी पुसले नाहीत.

इंग्लंडात त्यांचा मान वाढत गेला. 1834 मध्ये लंडनची सांख्यिकी संस्था स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत ते होते. 1840 मध्ये ते कंपनीचे संचालक आणि 1856 मध्ये अध्यक्ष झाले. 1857 पासून ॲबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून ते पार्लमेंटात बसले आणि 1872 साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी वर्णिलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज कोणत्याही संग्रहालयात नाहीत. त्यामुळे संशोधकाला त्यांची चित्रे, त्यांनी दिलेली ठिकाणे आणि ती मराठी नावे यांचाच आधार घेऊन पुन्हा नदीवर जावे लागते. पण नदी ती राहिलेली नाही. खडकवासल्यापासून 1980 च्या उजनीपर्यंत धरणे झाली. विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर जाणाऱ्या महसीरची वाट अडली. शहराचे सांडपाणी पात्रात आले आणि बाहेरून आणलेला टिलापिया बोकाळला.

नाव नीट ठाऊक नसले, की भले करतानाही नुकसान होते. लोणावळ्याच्या वळवण येथे 1970 च्या दशकापासून खुद्रीची पिल्ले वाढविण्यात आली. हे काम मोलाचेच. पण तेथील पिल्ले दूर कावेरीतही सोडली गेली आणि तेथे ती फोफावली. कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर मात्र झपाट्याने घटला. त्याचे खरे शास्त्रीय नाव 2018 मध्ये निश्चित झाले, तोवर तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आला होता.

आमच्या अंधेरीत वर्सोव्याला 1961 पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. 1989 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मासे हा त्यांचा विषय, आमचा नव्हे, असे कला शाखेच्या विद्यार्थ्याला वाटेल. पण खुदरी, नुकटा, शिंगटी हे शब्द मराठीचे आहेत आणि भाषा हा आमचाच विषय आहे. आजही नदीकाठच्या म्हाताऱ्या माणसांजवळ अशी नावे असतील. ती विचारून, सांगणाऱ्याच्या नावासकट लिहून ठेवणे आपल्याला जमण्यासारखे आहे. साइक्स यांनी अर्धे काम केले. उरलेले अर्धे मासे आणि माणसे आहेत तोवरच करता येईल.