पडद्याच्या कापडाचं तळं

सिनेमातल्यासारखा फोटो काढायचा म्हटलं की आपण सेट, लाईट आणि खर्च यांची यादी करतो आणि विषय तिथेच संपतो. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंच्या काळात तर सिनेमाच जन्माला यायचा होता. (कॅमेरॉन हे नवऱ्याचं आडनाव, त्याचा कॅमेऱ्याशी काही संबंध नाही!)

ज्युलियाबाईंचा जन्म ११ जून १८१५ चा, आपल्या कलकत्त्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीत अधिकारी, शिक्षण फ्रान्समध्ये. १८३८ मध्ये कलकत्त्यातच लग्न झालं. नवरा मेकॉलेबरोबर लॉ कमिशनवर होता, म्हणजे इंडियन पीनल कोडचा पहिला मसुदा करणाऱ्यांपैकी. १८४८ मध्ये सगळे इंग्लंडला गेले आणि १८६० पासून आइल ऑफ वाइट बेटावर राहिले. शेजारी होते कवी टेनिसन.

डिसेंबर १८६३ मध्ये मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. तेव्हा बाईंचं वय होतं ४८! कोळशाच्या खोलीची डार्करूम झाली, कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. काचेवर कलोडिअन ओतायचं, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली आहे तोवर फोटो काढून डेव्हलपही करायचा. आपलं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल यापुढे काहीच नाही.

ॲक्टर कुठले? घरातले! मेरी हिलियर ही घरकाम करणारी मुलगी. बाईंनी तिला कित्येकदा मदर मेरी केलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मदर मेरीची चित्रं रोज बघितली, पण इतकी खरी मेरी एकाही चित्रात नव्हती. १८७४ मध्ये टेनिसनच्या आर्थर राजावरच्या काव्यासाठी बाईंनी अख्खे प्रसंग उभे केले. राजाची होडी पाण्यावर हवी, तर मलमलचे पडदे पसरून चक्क तळं केलं. १२ चांगले फोटो मिळावेत म्हणून २४५ वेळा प्लेट खर्ची घातली.

त्या वेळचे जाणकार फोटोग्राफर नाकं मुरडायचे. फोकस नाही, काचेवर डाग, ओरखडे! बाईंनी फोकस काही बदलला नाही. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने मात्र १८६५ मध्येच त्यांचे फोटो विकत घेतले.

आता आमच्याबद्दल. गॅदरिंगच्या प्रदर्शनासाठी मी 'सबमिशनची रात्र' ही फोटोंची मालिका केली, सगळी ठरवून, मैत्रिणींना बसवून. बघणारे म्हणाले, हे तर नाटक, खरं काय त्यात? प्रश्न मला लागला. कारण तोंडाशी काही उत्तरच नव्हतं. ते मिळालं ज्युलियाबाईंच्या फोटोंत. त्यांच्यासमोर माणसाला कित्येक मिनिटं हलायची बंदी असे. एवढा वेळ कोणालाच ॲक्टिंग जमत नाही हो! राणीचा आव पहिल्या मिनिटात गळून पडतो आणि मग स्वतःचा, दमलेला चेहरा उरतो. प्रसंग खोटा, चेहरा खरा. निदान मला तरी तसं दिसतं. म्हणून पुढच्या फोटोंत मी मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटर ३० सेकंद उघडं ठेवलं, उजेड फक्त दुसऱ्या मोबाईलच्या स्क्रीनचा. (रेक्टर मॅडम, मेणबत्ती नव्हती!) विसाव्या सेकंदाला रूममेटचं हसू आपोआप गेलं. तो फोटो मी ठेवला.

१८७५ मध्ये कॅमेरॉन मंडळी कॉफीच्या मळ्यांसाठी सिलोनला गेली, सामानात म्हणे शवपेट्याही होत्या. तिथले त्यांचे मोजकेच फोटो आज शिल्लक आहेत. मेरी हिलियरचं नाव आपल्याला माहीत आहे, पण सिलोनच्या फोटोंतल्या मळ्यातल्या बायका-माणसांची नावं बहुतेक कुठेच लिहिलेली नाहीत. २६ जानेवारी १८७९ ला बाई तिथेच वारल्या.