किड्याचे नाव धारण करणारा चित्रकार

जपानमधील ताकाराझुका हे डोंगरांच्या कुशीत वसलेले एक रम्य गाव. १९३०च्या दशकाच्या अखेरीस तेथील रानात एक किडकिडीत मुलगा हाती जाळी घेऊन फुलपाखरांच्या व भुंगेऱ्यांच्या मागे तासन्‌तास हिंडताना दिसे. त्याचे केस कुरळे होते, डोळ्यांवर चष्मा होता आणि मैदानी खेळांत तो नेहमी मागे पडे. शाळासोबती त्याची टिंगल करीत. कधी कधी त्याला रडवीतही. या मुलाचे नाव ओसामू तेझुका. चित्रकथांना जपानी भाषेत मांगा म्हणतात. याच मुलाला पुढे त्याच्या देशबांधवांनी मांगाचा देव ही पदवी दिली.

ओसामूचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी तोयोनाका येथे झाला. तो पाच वर्षांचा असताना हे कुटुंब ताकाराझुकाला राहावयास आले. वडिलांना चित्रपटांची हौस होती. त्यांनी घरी एक लहानसे यंत्र आणले होते आणि त्यावर ते मुलांना हलती चित्रे दाखवीत. आई त्याला चित्रकथा वाचून दाखवी आणि प्रत्येक पात्राचा आवाज निराळा काढी. पाहता पाहता ओसामूही वह्यांतून चित्रे रेखाटू लागला. आश्चर्य असे, की ज्यांनी त्याची थट्टा केली, तीच मुले आता त्याची वही पाहण्यासाठी त्याच्याभोवती गोळा होऊ लागली. जपानी भाषेत ‘ओसामुशी’ हे जमिनीवर धावणाऱ्या एका भुंगेऱ्याचे नाव आहे. ते आपल्या नावाशी जुळते हे ध्यानी येताच त्याने आपल्या नावाला किडा या अर्थाचे अक्षर जोडले. याच नावाने तो जन्मभर आपल्या चित्रकथांवर सही करीत राहिला.

तेवढ्यात महायुद्धाचा वणवा पेटला. शाळकरी मुलांनाही कारखान्यांत कामाला जुंपण्यात आले. याच काळात ओसामूच्या दोन्ही हातांना त्वचारोग जडला आणि हात गमावण्याची वेळ आली. परंतु एका डॉक्टरांच्या उपचारांनी ते वाचले. आपणही डॉक्टर व्हावे, अशी इच्छा त्याच्या मनात तेव्हाच उपजली. १९४५च्या जूनमध्ये ओसाका शहरावर बाँबवर्षाव झाला, तेव्हा तो कारखान्याच्या टेहळणी-मनोऱ्यावर होता. तो थोडक्यात बचावला. मात्र सभोवतालचा मृत्यूचा थैमान त्याच्या डोळ्यांसमोरून कधीच हलला नाही. जीव, मग तो माणसाचा असो वा किड्याचा, मोलाचा आहे, हाच विचार त्याच्या पुढील साऱ्या कथांतून वाहत राहिला.

तेझुका ओसाका येथे वैद्यकाचा अभ्यास करू लागले. त्याच वेळी १९४६ मध्ये मुलांच्या एका वृत्तपत्रात त्यांची पहिली चित्रमालिका छापून आली. १९४७ मध्ये ‘नवे रत्नद्वीप’ या अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे पुस्तक निघाले. त्यातील चित्रे चित्रपटाप्रमाणे धावत होती. युद्धाने होरपळलेल्या त्या देशात या पुस्तकाच्या सुमारे ४ लाख प्रती खपल्या असे सांगतात. आता डॉक्टर व्हावे की चित्रकार, असा पेच त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी आईचा सल्ला विचारला. मनाला जे अधिक प्रिय असेल तेच करावे, असे तिने सांगितले. तेझुकांनी वैद्यकाची परीक्षा तर पार केलीच, परंतु लेखणी व कुंचला खाली ठेवला नाही.

१९५२ मध्ये त्यांच्या ‘बलाढ्य आतोम’ या यंत्रबालकाची कथा क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. आतोमला माणसाचे मन आहे. परंतु तो वाढत नाही म्हणून त्याचा निर्माता त्याला टाकून देतो. माणसांत राहूनही परका ठरणाऱ्या या बालकात अनेक एकाकी मुलांना आपले प्रतिबिंब दिसले. मात्र १९५५च्या सुमारास पालकांनी व शिक्षकांनी चित्रकथांविरुद्ध मोहीम उघडली. चित्रकथांमुळे मुले बिघडतात, असा त्यांचा आक्षेप होता. काही ठिकाणी पुस्तकांच्या होळ्याही झाल्या. त्या रोषातून तेझुकाही सुटले नाहीत. तथापि वादात शक्ती न दवडता त्यांनी आपल्या कामानेच उत्तर दिले.

वाचकांना त्यांनी कधी परके मानले नाही. दूरच्या तोयामा प्रांतातील दोन मुलांनी त्यांना पत्र लिहिले आणि तेझुकांनी त्यांना उत्तर धाडले. ती मुले पुढे चित्रकार होण्यासाठी तोक्योला आली. तेव्हा १९५४ मध्ये तेझुकांनी तोकिवा नावाच्या चाळवजा घरातील आपली खोली त्यांना दिली आणि घरमालकाकडील अनामत रक्कमही त्यांच्यासाठी तशीच राहू दिली. त्यांपैकी फुजिमोतो हिरोशी यांनी पुढे ‘डोरेमॉन’ हे निळे मांजर निर्माण केले. १९६७ मध्ये तेझुकांनी ‘कॉम’ हे मासिक सुरू केले आणि त्यात नवशिक्या वाचकांच्या चित्रकथांना जागा दिली. गावोगावचे चित्रकथावेडे तरुण त्यामुळे एकमेकांना भेटले. ते मासिक फार काळ चालले नाही. परंतु त्याच्या वाचकमंडळांतून पुढे आलेल्या तरुणांनी डिसेंबर १९७५ मध्ये तोक्योत हौशी चित्रकथाकारांचा मेळावा भरविला. पहिल्या वेळी सुमारे ७०० जण जमले. पुढे त्याच मेळाव्याला लाखो लोक येऊ लागले.

तेझुकांच्या वाट्याला अपयशही आले. १९६३च्या पहिल्या दिवशी आतोमची हलत्या चित्रांची मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. ती फार कमी मोबदल्यात देण्याचा त्यांचा निर्णय पुढे अंगाशी आला. १९७३ मध्ये त्यांनी स्थापिलेली चित्रसंस्था दिवाळखोरीत निघाली. आता त्यांचा काळ संपला, असे अनेकांना वाटले. त्याच वर्षी त्यांनी ‘ब्लॅक जॅक’ या शल्यविशारदाची कथा सुरू केली आणि वैद्यकाचे जुने ज्ञान तेथे फळास आले. भारताच्या भूमीत घडलेली गौतम बुद्धांची जीवनकथाही त्यांनी १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे खपून रेखाटली.

९ फेब्रुवारी १९८९ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. रुग्णशय्येवरही ते चित्रे काढीत होते; काही कथा अपुऱ्याच राहिल्या. सुमारे ७०० कथा व दीड लाख पृष्ठे एवढे काम त्यांच्या मागे उरले. १९९४ मध्ये ताकाराझुका येथे त्यांचे स्मारक-संग्रहालय उभे राहिले. ज्या गावाच्या रानात ते लहानपणी किड्यांच्या मागे हिंडले, त्याच गावी आज दूरदूरची मुले ती चित्रे पाहावयास येतात. छंद जगाला क्षुद्र वाटला तरी त्याला अभ्यासाची, कष्टांची आणि इतरांविषयीच्या जिव्हाळ्याची जोड मिळाली, तर तो एकट्याचा राहत नाही, हेच तेझुकांचे जीवन सांगते.