परक्या लेकरांचा बापू

दिवाळी सरली की आमच्या वालूरकडची बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. मागं राहणाऱ्या लेकरांना सांभाळायचं कुणी, यावर यंदा बायकांच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. परक्याची जोखीम कुणाला नको होती. मला जामसाहेब दिग्विजयसिंहजी आठवले.

त्यांचा जन्म १८९५ चा. क्रिकेटपटू रणजितसिंहजींचे हे पुतणे १९३३ मध्ये नवानगरच्या, म्हणजे जामनगरच्या गादीवर आले. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीनं पोलंडमधली लाखो माणसं सायबेरियाकडे हाकलली. थंडीनं, भुकेनं कितीतरी तिथंच मेली. वाचलेल्या पोरक्या लेकरांसाठी जामसाहेबांनी १९४२ मध्ये बालाचडीला समुद्रकाठी छावणी उभारली. सुमारे हजार मुलं ठेवून घेतली आणि आजपासून मीच तुमचा बापू, असं सांगितलं. १९४६ मध्ये ती छावणी मिटली. पुष्कळ मुलं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आली. तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका-मुलंच.

जामसाहेब १९६६ मध्ये गेले. मुलं जगभर पांगली, पण विसरली नाहीत. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश मंडळींचं स्मारक आहे, तर पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, एक चौक 'भल्या महाराजां'च्या नावानं आहे.

बैठकीत मी एवढंच सांगितलं आणि दोन लेकरं घरी आणली. धाकटी रात्री आईच्या आठवणीनं रडते, कुशीत घेतलं तरी लवकर निजत नाही. हजार लेकरं त्यांनी कशी निजवली असतील हो?