फाळकेंच्याही आधी कॅमेरा फिरवणारे सावेदादा

साल १८९९, महिना नोव्हेंबर. मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती लागली होती. एका बाजूला पुंडलिकदादा, दुसऱ्या बाजूला कृष्णा न्हावी. कुस्ती बघायला गर्दी होणं नवीन नव्हतं. नवीन होता तो कॅमेरा आणि त्याचा दांडा हाताने फिरवणारा ३१ वर्षांचा माणूस. भारतीय माणसाने केलेलं हे पहिलं चित्रीकरण मानलं जातं. तो माणूस म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. सगळे त्यांना सावेदादा म्हणायचे.

क्विझमध्ये भारतीय सिनेमाचे जनक कोण, असं विचारलं की आपण डोळे झाकून दादासाहेब फाळके सांगतो. ते बरोबरच आहे. फाळकेंचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला आणि आपल्याकडे कथापट सुरू झाला. पण त्याच्या तेरा-साडेतेरा वर्षं आधी सावेदादांनी कॅमेरा हातात घेतला होता. त्यांना कथा सांगायची नव्हती. समोर जे घडतंय, ते टिपायचं होतं. आजच्या भाषेत ते आपले पहिले डॉक्युमेंटरीवाले.

सावेदादांचा जन्म १५ मार्च १८६८ चा, मुंबईतला. व्यवसाय फोटोग्राफीचा. तेव्हा फोटो काढणं म्हणजे माणसांना न हलता बसवायचं, जडशीळ कॅमेरा लावायचा आणि नंतर अंधाऱ्या खोलीत काचा धुवत बसायचं. अशा माणसाला हलणारा फोटो बघायला मिळाला तर त्याचं काय होईल, याचा विचार करा!

७ जुलै १८९६ ला ल्यूमिएर बंधूंच्या माणसांनी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात सिनेमाचे खेळ केले. तिकीट एक रुपया. एकेक फिल्म जेमतेम मिनिटभराची. स्टेशनात शिरणारी आगगाडी, समुद्रात पोहणारी माणसं, कारखान्यातून सुटलेले कामगार. आठवड्याभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि चार आण्यापासून तिकिटं मिळू लागली. मुंबई वेडी झाली. सावेदादाही झाले. फरक इतकाच, की बाकीचे बघून घरी गेले आणि सावेदादांनी थेट लंडनहून कॅमेरा मागवला.

किंमत २१ गिनी. तेव्हाच्या हिशेबाने सव्वातीनशे रुपयांच्या वर. शिकवायला कुणी नाही, ट्युटोरियल नाही, काही बिघडलं तर विचारायला दुकान नाही. शूट केलेली फिल्म धुवायची सोयही इथे नव्हती. कुस्तीची फिल्म बोटीने लंडनला पाठवावी लागली. आपण काय टिपलंय, ते नीट आलंय की नाही, हे कळायला वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता. दरम्यान त्यांनी प्रोजेक्टरही घेतला आणि बाहेरून आलेल्या फिल्म्सचे खेळ लावायला सुरुवात केली. त्याच खेळांत मग आपली कुस्तीही दाखवली. पडद्यावर आपल्यासारखीच माणसं बघून त्या प्रेक्षकांना काय वाटलं असेल!

सावेदादांनी कॅमेऱ्यासमोर कुणाला आणलं, ते बघण्यासारखं आहे. पहिल्या फिल्ममध्ये पैलवान. दुसरीत माकडांना शिकवणारा खेळवाला. पुढे पारशांच्या आतश बेहराम या अग्निमंदिराच्या जीर्णोद्धारावर फिल्म केली. रोज दिसणारं आपलं शहर त्यांना टिपण्यासारखं वाटलं.

मग आला डिसेंबर १९०१. कोकणातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजमध्ये गणितात पहिले आले होते. सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. ते मुंबईला परतले तेव्हा त्यांचं जंगी स्वागत झालं आणि ते सावेदादांनी टिपलं. भारतातली ही पहिली बातमीफिल्म मानतात. राजा नाही, व्हाइसरॉय नाही, गणितात पहिला आलेला एक मराठी तरुण त्या बातमीचा हिरो होता. १९०३ मध्ये लॉर्ड कर्झनचा दिल्ली दरबारही त्यांनी चित्रित केला.

आणि मग ते थांबले. भाऊ गेला, सावेदादा खचले आणि त्यांनी कॅमेरा विकून टाकला. पुढे त्यांनी गेइटी थिएटरचा कारभार बघितला. मुंबईत सीएसएमटीसमोर कॅपिटॉलची जुनी इमारत दिसते ना, तीच ही गेइटी. पैसाही बरा मिळाला. मूकपट गेले, १९३१ मध्ये बोलपट आला, नंतर रंग आले. हे सगळं बघून सावेदादा २० फेब्रुवारी १९५८ ला गेले. वय ८९.

त्यांच्या फिल्म्स आज कुठे बघायला मिळतील? कुठेच नाही. तेव्हाची नायट्रेट फिल्म पटकन पेट घ्यायची, नीट ठेवली नाही तर कुजायची. कित्येक जुन्या फिल्म्स लोकांनी त्यातली चांदी काढण्यासाठीही विकल्या. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, सावेदादा गेल्यानंतर सहा वर्षांनी. संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी फाळकेंच्या घरच्यांकडून मिळतील ती रिळं जमवली, म्हणून फाळकेंचं थोडंफार काम आपल्याला दिसतं. सावेदादांच्या वाट्याला हे आलं नाही. गंमत बघा, ल्यूमिएरच्या कारखान्यातून बाहेर पडणारे फ्रान्सचे कामगार आपण आजही यूट्यूबवर बघू शकतो. आपल्या पुंडलिकदादांची कुस्ती मात्र बघू शकत नाही.

हे सोलापूरकरांनी जरा मनावर घ्यायला हवं. आपल्याकडे पाणीवेस तालीम आहे, थोरला मंगळवेढा तालीम आहे. संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा हजारो मोबाइल वर असतात. पण जुनी मिल किंवा लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा ऐकून कामाला गेलेली पिढी आता थकलीय. घरातल्या यंत्रमागावर आयुष्य काढलेले आजी-आजोबाही. त्यांच्याकडे कॅमेरा वळवणारे किती जण आहेत?

सावेदादांना सव्वातीनशे रुपये मोजून कॅमेरा लंडनहून आणावा लागला. आपला खिशातच आहे. आपल्या अडचणी वेगळ्या आहेत. स्टोरी चोवीस तासांत गायब होते, फोन बदलला की व्हिडिओ जातात. म्हणून या रविवारी एवढंच करा. आजोबांना मिलबद्दल विचारा, ते बोलत असताना रेकॉर्ड करा. फाइलला त्यांचं नाव, तारीख आणि गाव द्या. आणि ती एका नाही, दोन ठिकाणी ठेवा.